प्रस्तावना: ‘नाही’ म्हणण्याची जागा

सप्टेंबर १९६० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे झोपेच्या एका गोळीचा अर्ज आला. औषधाचं नाव थॅलिडोमाइड. पश्चिम जर्मनीत ते १९५७ पासून विकलं जात होतं आणि गरोदरपणातल्या मळमळीवरही सर्रास दिलं जात होतं. अर्ज तपासायला आला तो फ्रान्सिस केल्सी यांच्याकडे. त्या खात्यात नुकत्याच रुजू झाल्या होत्या. तेव्हाच्या कायद्यानुसार खात्यानं साठ दिवसांत हरकत घेतली नाही, तर औषध आपोआप बाजारात जाऊ शकत असे. केल्सी यांनी माहिती अपुरी असल्याचं कळवून अर्ज परत केला आणि साठ दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. कंपनीनं फोन केले, भेटी घेतल्या, वरिष्ठांकडे तक्रारी केल्या. केल्सी दर वेळी आणखी माहिती मागत राहिल्या. या गोळीचा हातापायांच्या नसांवर परिणाम होतो, असं एका डॉक्टरचं पत्र ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, तेव्हा त्यांचा पुढचा प्रश्न होता, पोटातल्या गर्भावर काय परिणाम होतो? नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीत औषध मागे घेतलं गेलं. या औषधामुळे जगभरात दहा हजारांहून अधिक मुलं हातापायांचं व्यंग घेऊन जन्माला आली. अमेरिकेतही नुकसान पूर्ण टळलं नाही, कारण कंपनीनं ‘चाचणी’ म्हणून हजाराहून अधिक डॉक्टरांना गोळ्या वाटल्या होत्या. पण तेव्हा ते औषध तिथल्या दुकानांत आलं नाही.

त्या व्यवस्थेत तपासणी होती, तपासणारं माणूस होतं, मुदतही होती. तरीही कोणी काहीच ठरवलं नाही तर काय व्हायचं, याचं उत्तर तिथं घातक होतं. गप्प बसणं म्हणजे परवानगी. ऑक्टोबर १९६२ मध्ये अमेरिकेनं कायदा बदलला. औषध सुरक्षित असल्याबरोबरच गुणकारी असल्याचाही पुरावा देणं ही कंपनीची जबाबदारी झाली, आणि खात्यानं स्पष्ट होकार दिल्याशिवाय विक्री करायला मनाई झाली. पुढच्याच वर्षीच्या नियमांनी माणसांवरच्या चाचण्यांचे तीन टप्पे ठरवून दिले. आधी थोड्या लोकांवर सुरक्षिततेची चाचणी, मग मर्यादित रुग्णांवर गुणाची आणि मात्रेची, मग मोठ्या संख्येवर खात्रीची. आज जगभर औषधं आणि लसी याच वाटेनं जातात.

नव्या उत्पादनाच्या विकासावरच्या पुस्तकाची प्रस्तावना मी औषधापासून सुरू केली, ती विचारपूर्वक. टप्पे पाडणं सोपं असतं. एका मोठ्या कामाचे पाच भाग कोणीही कागदावर लिहू शकतो. खरा प्रश्न दोन टप्प्यांच्या मधल्या जागेचा आहे. तिथं कोण बसतं, काय विचारलं जातं, आणि कोणी काहीच बोललं नाही तर काम पुढे सरकतं की थांबतं? माझ्या मते सगळी पद्धत या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर उभी आहे.

आज उद्योगात ज्याला स्टेज-गेट म्हणतात, ती मांडणी रॉबर्ट कूपर या कॅनडातल्या अभ्यासकाची. १९६०च्या दशकात नासानं मोठे प्रकल्प टप्प्यांत विभागून त्यांचा आढावा घेण्याची पद्धत रुळवली होती, पण ती प्रामुख्यानं तांत्रिक प्रगती तपासायची. कूपर यांनी प्रश्नच वेगळा घेतला. १९७०च्या दशकात त्यांनी कॅनडातल्या कंपन्यांची यशस्वी आणि फसलेली नवी उत्पादनं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. तंत्रज्ञान चांगलं असूनही उत्पादनं का पडतात? त्यांना वारंवार दिसलं ते असं, की सुरुवातीचा अभ्यास घाईत उरकलेला असतो, गिऱ्हाइकाला कोणी नीट विचारलेलं नसतं, आणि एकदा सुरू झालेला प्रकल्प बंद करायला कोणी धजावत नाही. या अभ्यासातून त्यांची मांडणी आकाराला आली. आधी कल्पनेची जुजबी चाचपणी, मग सखोल अभ्यास आणि धंद्याचं गणित, मग प्रत्यक्ष विकास, मग चाचणी, मग बाजार. प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी एक गेट. १९८६ सालच्या आपल्या पुस्तकातून त्यांनी ही पद्धत व्यवस्थापकांपुढे ठेवली.

यामागचं आर्थिक तर्कशास्त्र कारखान्यात काम केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ड्रॉइंगमधलं माप बदलायचं तर संगणकावर काही मिनिटं जातात. डाय बनल्यावर तेच माप बदलायचं तर डाय पुन्हा मशिनवर चढते, कधी भंगारात जाते. माल बाजारात गेल्यावर बदलायचं तर माल परत मागवावा लागतो, आणि त्याबरोबर नावही जातं. म्हणजे सुरुवातीला आपल्याला सगळ्यात कमी माहिती असते, पण चूक सगळ्यात स्वस्तात सुधारता येते. म्हणून थोडे पैसे खर्चून थोडी माहिती मिळवायची, ती समोर ठेवून पुढच्या खर्चाचा निर्णय घ्यायचा, आणि अज्ञान जसजसं कमी होईल तसतशी रक्कम वाढवायची. उद्योजक हे मनातल्या मनात करतच असतो. पद्धत त्याला ते कागदावर आणि चारचौघांत करायला लावते.

गेटवर तीन गोष्टी लागतात. आधीच्या टप्प्यानं टेबलावर काय आणून ठेवायचं, हे ठरलेलं हवं. ते कोणत्या निकषांवर जोखायचं, हेही ठरलेलं हवं, आणि निकाल दिसायच्या आधी ठरलेलं हवं. मग निर्णय. पुढे जा, बंद करा, सध्या थांबवून ठेवा, किंवा अमुक दुरुस्ती करून परत आणा. पाचवा निर्णय नसतो. ‘बघू’ हा शब्द इतिवृत्तात आला, तर ती बैठक गेटची झालेली नाही. आणि निर्णय घ्यायला बसतात ते ज्यांच्या हातात पैसा आणि माणसं आहेत ते. उत्पादनावर दोन वर्षं जीव लावलेल्या टीमनं पुरावा मांडावा. त्याच टीमला त्याच उत्पादनाचा न्यायनिवाडा करायला सांगणं हा तिच्यावर अन्याय आहे.

गेट मुळातच नसलं तर काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे कॉन्कॉर्ड. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी २९ नोव्हेंबर १९६२ रोजी स्वनातीत प्रवासी विमान मिळून बनवण्याचा करार केला. त्यात एका देशानं एकतर्फी बाहेर पडण्याची तरतूदच ठेवली नव्हती. करार करताना मुद्दाम तसं केलं होतं. १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारला प्रकल्प सोडायचा होता, पण बाहेर पडण्याची किंमत राहण्यापेक्षा कमी दिसेना. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट झाला. विमान अप्रतिम बनलं, याबद्दल दुमत नाही. जानेवारी १९७६ मध्ये ते प्रवाशांना घेऊन उडालं. एकूण वीस विमानं बनली, त्यातली चौदा प्रवासी सेवेत आली, आणि तीही ज्या दोन देशांनी ती बनवली त्यांच्याच विमान कंपन्यांकडे. तशाच विमानाचा बोइंगचा प्रकल्प मात्र १९७१ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं पैसे रोखून थांबवला. तिथं दरवर्षी निधीसाठी सभागृहापुढे यावं लागत होतं, म्हणून ‘नाही’ म्हणायला एक जागा होती.

आता ज्या उदाहरणावर मला सगळ्यात जास्त वेळ थांबायचं आहे, ते पुण्यातलं.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेचा एक आडवा पट्टा मेंदुज्वराचा पट्टा म्हणून ओळखला जातो. कोरड्या ऋतूत तिथं मेनिंगोकॉकस जिवाणूच्या अ-गटाच्या साथी येत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाख लोक आजारी पडले आणि सुमारे पंचवीस हजार दगावले. तेव्हा हाताशी असलेली लस लहानग्यांवर नीट लागू पडत नव्हती, तिचं संरक्षण फार काळ टिकत नव्हतं, आणि घशात जिवाणू बाळगणाऱ्या निरोगी माणसांकडून होणारा फैलावही ती थांबवत नव्हती. चांगली लस कशी बनवायची हे विज्ञानाला माहीत होतं. जिवाणूच्या शर्करा-आवरणाला प्रथिनाची जोड दिली, की शरीर त्याला ओळखतं आणि लक्षात ठेवतं. पण अशी लस घेणारे देश गरीब होते, म्हणून ती बनवायला कोणी पुढे येत नव्हतं.

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था यांनी गेट्स फाउंडेशनच्या सात कोटी डॉलरच्या मदतीनं मेंदुज्वर लस प्रकल्प सुरू केला. प्रमुख होते मार्क लाफोर्स. त्यांनी आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांना सुरुवातीलाच विचारलं, की लस कशी असली तर तुम्ही वापराल? उत्तर स्पष्ट आलं. एका मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत हवी. त्याहून महाग असेल, तर ती कितीही उत्तम असली तरी आमच्या उपयोगाची नाही. हे प्रकल्पाचं पहिलं गेट होतं, आणि त्याचा निकष गिऱ्हाइकानं लिहून दिला होता.

या निकषानं लगेच आपलं काम केलं. मोठ्या पाश्चात्त्य कंपन्यांशी बोलणी सुरू होती. त्या किमतीत ती पुढे सरकेनात. इथं मोह कुठला होता पाहा. किंमत थोडी वाढवा, पुढे अनुदान मिळवू, आधी लस तर बनू द्या. बहुतेक प्रकल्प असेच घसरतात. या मंडळींनी किंमत तशीच ठेवली आणि बनवणारा बदलला. तंत्रज्ञान मिळवून ते विकसनशील देशातल्या उत्पादकाला द्यायचं, असं ठरलं, आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया पुढे आली. धनुर्वाताचं टॉक्सॉइड तिथं आधीपासून मोठ्या प्रमाणावर बनत होतं, आणि शर्करेला जोडायला तेच प्रथिन लागणार होतं. जोडणीची रीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या शास्त्रज्ञांनी दिली. म्हणजे जी संस्था केल्सी यांच्या रूपानं ‘थांबा’ म्हणाली होती, तिच्याच प्रयोगशाळेतून आलेल्या ज्ञानावर ही लस उभी राहिली. शर्करेचा कच्चा माल सुरुवातीला ॲमस्टरडॅमहून आला.

मग टप्पे. २००५ मध्ये भारतात निरोगी प्रौढांवर पहिली चाचणी झाली. २००६ मध्ये माली आणि गांबियात एक ते दोन वर्षांच्या बाळांवर, २००७ मध्ये त्या दोन देशांसह सेनेगलमध्ये एकोणतीस वर्षांपर्यंतच्या लोकांवर. प्रत्येक वेळी प्रश्न आधी लिहिलेला होता. जुन्या लसीपेक्षा ही जास्त आणि जास्त काळ टिकणारं संरक्षण देते का? बाळांना चालते का? डिसेंबर २००९ मध्ये भारतीय औषध नियंत्रकांचा परवाना मिळाला, जून २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली आणि सुमारे दहा दिवसांत एक कोटीहून अधिक लोकांना लस टोचली गेली. किंमत होती चाळीस सेंटच्या आसपास. २०१७ नंतर त्या पट्ट्यात अ-गटाच्या मेंदुज्वराचा रुग्ण आढळलेला नाही. मेनअफ्रिव्हॅक नावाच्या या लसीचं यश महाराष्ट्रात जेवढं सांगितलं जायला हवं, तेवढं सांगितलं जात नाही, याची मला खंत वाटते.

बाजारात आल्यावर काम संपलं, असंही त्यांनी मानलं नाही. विजेअभावी लस थंड ठेवणं अवघड जातं, हे क्षेत्रातून कळल्यावर नवा अभ्यास झाला, आणि २०१२ मध्ये चाळीस अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस लस बाहेर ठेवायला मान्यता मिळाली. पुढे अ-गट मागे पडला आणि इतर गटांच्या साथी डोकं वर काढू लागल्या. त्या निरीक्षणातून पाच गटांवरची नवी लस पाथ आणि सीरम यांनी मिळून बनवली. २०२३ मध्ये तिला पूर्वपात्रता मिळाली आणि २०२४ मध्ये नायजेरियानं ती सगळ्यात आधी वापरायला घेतली. शेवटच्या टप्प्यातला आढावा पुढच्या उत्पादनाची सुरुवात असतो, हे वाक्य व्यवस्थापनाच्या प्रत्येक पुस्तकात असतं. इथं ते खरं झालेलं दिसतं.

त्याच पुण्यात, जवळपास त्याच वर्षांत, आणखी एक उत्पादन किमतीपासून सुरू झालं होतं. ते म्हणजे टाटा नॅनो. स्कूटरवर चौघांचं कुटुंब पावसात भिजत चाललेलं पाहून रतन टाटा यांच्या मनात या गाडीचा विचार आला. लाख रुपयांचा आकडा एका वृत्तपत्रात छापून आला आणि तोच त्यांनी लक्ष्य म्हणून स्वीकारला. ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागे, चाकाला तीनच बोल्ट, एकच वायपर. अभियंत्यांनी प्रत्येक सुट्या भागाला पुन्हा प्रश्न विचारला. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत गाडी दाखवली तेव्हा जगानं दखल घेतली, आणि ती दाद पूर्णपणे रास्त होती. मग पश्चिम बंगालमधल्या सिंगूरचा कारखाना सोडावा लागला, गुजरातमधल्या साणंदला वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या क्षमतेचा कारखाना उभा राहिला, काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या. विक्री कोणत्याही वर्षी लाखापर्यंत पोचली नाही. २०१८ मध्ये उत्पादन जवळजवळ थांबलं.

नॅनोवर अपयशाचा शिक्का मारून पुढे जाणारे लेख पुष्कळ आहेत. मला ते पटत नाहीत. ‘लाखात गाडी बनते का?’ या प्रश्नाचं उत्तर त्या टीमनं झळझळीत यशानं दिलं. पण ‘सगळ्यात स्वस्त गाडीचा मालक’ म्हणून ओळखलं जाणं कोणाला आवडेल का, हा दुसरा प्रश्न होता. स्वस्त म्हणून झालेल्या प्रसिद्धीनं गाडीला बट्टा लागला, हे रतन टाटा यांनी स्वतः पुढे जाहीरपणे मान्य केलं. आपल्याकडे पहिली गाडी घेणं म्हणजे गल्लीत पेढे वाटायचा प्रसंग असतो. ज्याला दुचाकीवरून गाडीत बसायचं असतं, त्याला वरच्या पायरीवर गेल्याचं चारचौघांना दिसायला हवं असतं. हा प्रश्न तितक्याच कडकपणे, कारखान्याची क्षमता ठरण्याच्या आधी कोणत्यातरी गेटवर विचारला जायला हवा होता, असं माझं मत आहे. दोन्ही उत्पादनांना किंमत ही पहिली अट होती. एकीकडे ती अट वापरणाऱ्यानं घातली होती, दुसरीकडे बनवणाऱ्यानं, कितीही सदिच्छेनं का असेना, स्वतःला घातली होती.

हे सगळं मोठ्यांचं झालं. हे पुस्तक ज्यांच्यासाठी आहे, त्या भोसरी, चाकण, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगरच्या लघुउद्योजकांना टप्प्यांची भाषा नवी नाही. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या प्रत्येकाला एपीक्यूपी (गुणवत्तेचं आगाऊ नियोजन) आणि पीपीएपी (उत्पादनाआधीची सुट्या भागाची मंजुरी) ही नावं पाठ आहेत. अमेरिकेतल्या तीन मोठ्या मोटार कंपन्यांनी १९९०च्या दशकात मिळून बसवलेली ही पद्धत आज चाकणच्या शेडमध्ये रोज वापरली जाते. अडचण अशी, की पुष्कळ ठिकाणी फाइल उलटी बनते. गिऱ्हाइकाची तारीख ठरलेली, ट्रायलचे नग लागलेले, माल पाठवायला निघालेला, आणि मग रात्री बसून आधीच्या टप्प्यांचे तक्ते भरले जातात. सह्या सगळ्या असतात, पण ज्या दिवशी निर्णय घ्यायला हवा होता त्या दिवशी तो कोणीच घेतलेला नसतो. ही साठ दिवसांच्या कायद्याचीच गत आहे. तारीख आली, की दार आपोआप उघडतं.

छोट्या कारखान्यात यामागे आळस नसतो. मालकच विक्री पाहतो, मालकच डिझाइन पाहतो, बँकेचा हप्ताही त्यालाच भरायचा असतो. स्वतःच्या कल्पनेला स्वतः नाही कसं म्हणणार? या पुस्तकातला लहान उद्योगांसाठीचा भाग म्हणूनच मला सगळ्यात मोलाचा वाटतो. गेटवर बाहेरचं एक माणूस बसवा, असं लेखक सुचवतात. निवृत्त टूलरूम प्रमुख चालेल, ओळखीचा लेखापाल चालेल, पुरवठादार चालेल. अट एवढीच, की त्याचा पगार आणि मानपान त्या उत्पादनावर अवलंबून नसावा. दुसरी सूचना आणखी साधी आहे. पुढच्या टप्प्याचे पैसे आधीच्या टप्प्यात हाती देऊ नका. पैसा हाती आला की काम थांबवणं माणसाला जमत नाही.

या पद्धतीवर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. टप्प्यांचं ओझं वाढलं की काम कागदात अडकतं. सॉफ्टवेअरवाले दोन आठवड्यांच्या फेऱ्यांत काम करतात, त्यांना वर्षभराचे टप्पे हास्यास्पद वाटतात. कूपर यांनी स्वतःही पुढच्या काळात आपली मांडणी बदलली. लहान जोखमीच्या कामाला कमी गेट्स, टप्प्याच्या आत छोट्या फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत गिऱ्हाइकाच्या हाती काहीतरी देणं. ज्या दुरुस्तीला दोन हजार रुपये लागतात तिच्यासाठी पाच सह्या मागणं मूर्खपणाचं आहे, हे पुस्तक ठामपणे सांगतं, आणि मी त्याच्याशी सहमत आहे. पण फेऱ्या कितीही छोट्या असोत, कुठंतरी डाय बनवायची ऑर्डर द्यावी लागते, जमीन घ्यावी लागते, माणसाच्या दंडात सुई टोचावी लागते. त्या क्षणाच्या आधी कोणीतरी शांतपणे बसून विचारायला हवं.

वाचकाला माझी एक विनंती आहे. पहिलं प्रकरण उघडण्याआधी तुमच्या हातात आत्ता सुरू असलेलं एक नवं काम निवडा. ते कोणत्या परिस्थितीत बंद करायचं, ते एका कागदावर लिहा, आकड्यांसकट. खर्च कितीवर गेला तर, ट्रायलमध्ये किती नग नापास झाले तर, दहा गिऱ्हाइकांपैकी किती जणांनी नाही म्हटलं तर. खाली तारीख घाला आणि निर्णय देणाऱ्या माणसाचं नाव लिहा. मग तो कागद त्या माणसाच्या हातात द्या, आणि पुस्तक वाचायला घ्या.